दगड्याचं पाणी

आमच्या शाळेला मैदान एकच होतं आणि ते कबड्डीचं होतं. खेळाचा तास आला की पोरं मैदानावर, आणि आम्ही पोरी निंबाच्या झाडाखाली. तिथं बसून रुमालावर टाके घालायचे. माझं नाव हिरी. तांड्यावरून शाळेत यायला मला अर्धा कोस पडायचा, आणि तो अर्धा कोस मी कधी चालत आले नाही, पळतच आले. अशा पोरीला सुईदोरा देऊन बसवणं म्हणजे बकरीला पाळण्यात निजवण्यासारखं होतं. सातवीत गेले तोवर माझ्या रुमालावर अडीच पाकळ्या झाल्या होत्या.

ही गोष्ट शहात्तर सालच्या हिवाळ्यातली. आमचं गाव अनसिंगपासून दीड कोसावर. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. दिवाळीनंतर शाळेला नवीन बाई आल्या. बेबीताई मनवर, धनजच्या. वय असेल चोवीस-पंचवीस. गावातल्या बौद्ध वस्तीत त्यांनी खोली घेतली होती. अंगानं काडीसारख्या, पण दोन बोटं तोंडात घालून अशी शिटी मारत की पलीकडच्या शेतातले बैल मान वर करून बघत. बाईमाणसाला शिटी मारताना आम्ही तोवर पाहिलंच नव्हतं.

पहिल्याच खेळाच्या तासाला बाई निंबाखाली आल्या. एकेकीचा रुमाल हातात घेऊन पाहिला. माझ्या अडीच पाकळ्या जरा जास्तच वेळ पाहिल्या आणि म्हणाल्या, "हे काय हाय? कोंबडीचा पाय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

"तुले पळता येते?"

"लय!" मी म्हटलं.

बाई तडक पंजाबराव गुरुजींकडे गेल्या. गुरुजी आम्हाला गणित शिकवत, आणि कबड्डीचा संघही त्यांचाच. पन्नाशीचे, डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला लाल पेन. आठवड्यातले दोन दिवस अर्धं मैदान पोरींना द्या, एवढंच बाईंनी मागितलं.

"बाई," गुरुजी म्हणाले, "तीन महिन्यांनी तालुक्याच्या म्याची हायेत. मैदान एक अन् दिवस सहा. त्यातले दोन तुमाले देऊ त मी काय करू? अन् पोरीईले पळून जाचं कुठी हाय?"

गुरुजी वाईट माणूस नव्हते. ज्याला गणित येत नाही त्याला शाळा सुटल्यावर घरी बोलावून शिकवत. पण कबड्डीपुढं त्यांना दुसरं काही दिसत नसे.

बाई वाद न घालता परत आल्या आणि निंबाखाली उभ्या राहून कुंपणापलीकडे बघत राहिल्या. पलीकडे उत्तमराव माळ्याचा मळा होता. पानकोबी काढून बाजारात गेली होती आणि अर्धा एकर रान रिकामं पडलं होतं. चौकोनी वाफे, मधून हातभर उंचीचे वरंबे, कडेनं पाणी वाहून न्यायचा दांड, एका टोकाला इंजिन बसवलेली विहीर, आणि दुसऱ्या टोकाला लाकडी माळा. माळ्यावर उत्तमरावांची बायको आवडाबाई बसून पाखरं हाकलत असायची. खाली फक्त वांगी उरली होती, तरी तिनं माळा सोडला नव्हता. तिथून अख्खा गाव दिसतो, असं ती म्हणायची.

बाई आम्हाला घेऊन सरळ कुंपणाशी गेल्या आणि खेळायला जागा मागितली.

"नाही जमत," उत्तमराव म्हणाले. "सारे वाफे तुडवून टाकतीन."

माळ्यावरून आवडाबाईनं विचारलं, "काय खेळतीन व पोट्ट्या?"

"अजून ठरलं नाही," बाईंनी खरं ते सांगितलं.

आवडाबाईला ते उत्तर फारच आवडलं. ती खदखदून हसली. "येऊ द्या मंग! पन दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जिनं वरंबा मोडला, तिनं तो बांधून द्या लागन. अन् चार वाजता इंजिन चालू झालं का माह्या वांग्याच्या वाफ्यात पानी सोडून द्याचं. माह्या कमरेले आता वाकवत नाही."

या दोन अटींतूनच आमचा खेळ निघाला.

वरंबा मोडायचा नाही म्हटल्यावर त्यावर जपून पाय ठेवायला हवा. बाईंनी अर्ध्या पोरींना वरंब्यांवर उभं केलं आणि अर्ध्यांना म्हणाल्या, यांच्या हाती न लागता वाफ्यावाफ्यातून पलीकडे जा. वरंब्यावरची पोरगी वरंबा सोडून खाली उतरू शकत नाही. हे तर सरळ आट्यापाट्याच होतं. फक्त मैदानावरच्या पाट्या चुन्याच्या असतात, आमच्या मातीच्या होत्या आणि पाय घसरला की त्या ढासळत. जिच्यामुळं ढासळली ती बाद, आणि खेळ चालू असतानाच तिनं कडेला बसून तो वरंबा थापायचा.

दांडाच्या तोंडाशी एक मोठा काळा दगड पडलेला होता. तिसऱ्या दिवशी भागिरथानं त्याला नाव दिलं, दगड्या राकेस, म्हणजे राक्षस. भागिरथा माझ्याच वर्गातली, बौद्ध वस्तीतली. पळण्यात सगळ्यांच्या मागं, पण तिच्या डोक्यात सतत काहीतरी चालू असायचं. "बाई," ती म्हणाली, "या दगड्यानं गावाचं पानी कोंडून ठेवलं हाय असं समजू. आपुन ते सोडवाले निघालो."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यांच्या हातात सोन्याची पुतळी ठेवली. त्याच संध्याकाळी त्यांनी चाळीस पानांची वही आणली आणि पहिला नियम लिहिला: पाणी वांग्याच्या वाफ्यात पोचलं की खेळ संपला.

मग खेळ रोज वाढत गेला. वाफे ओलांडले की दगड्याचा दरवाजा. तो लगोरीतून घेतला, सात चपट्या दगडांची उतरंड. चिंध्यांच्या चेंडूनं ती फोडायची आणि मार चुकवत परत रचायची, तेव्हा दरवाजा उघडला म्हणायचं. त्यापुढं माळा. माळ्यावर दगड्याची म्हातारी माय बसलेली, आणि ती कोण हे सांगायला नको. आवडाबाई चार कवड्या फेकायची. जितक्या उताण्या पडतील तितकी कोडी घालायची. एकही उताणी पडली नाही तर फुकट सुटका. पण आवडाबाई कवड्या हळूच पदराखाली उलट्या करते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिला कोण बोलणार? सगळ्यात शेवटी कोरडा दांड. त्यातून लंगडी घालत जायचं. तिथं एक पोरगी सुसर होऊन पालथी पडलेली, ती हात मारून पाय पकडायची. सुसरीपुढं गेलं की राखणदार कोणी नाही. दांडाचं दारं, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, फोडायचं आणि पाणी वांग्यांकडे सोडायचं.

पहिल्या आठवड्यात एक अडचण आली. एकदा पकडलं की पोरगी बाद, मग ती तासभर नुसती बसून राहायची. भागिरथा रोज पहिल्याच वाफ्यात बाद व्हायची. तेव्हा बाईंनी प्रत्येकीच्या मनगटाला जुन्या लुगड्याच्या तीन चिंध्या बांधल्या. "हे तुमचे तीन जीव. पकडलं का एक चिंधी द्याची. तिन्ही गेल्या का मंगच बाद." आणि पकडली गेलेली पोरगी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार नाही, हेही ठरलं. सारीपाटात फुलीचं घर असतं, तिथली सोंगटी मरत नाही. तशा तीन फुल्या आम्ही चुन्यानं काढल्या. ज्या फुलीपर्यंत पोचलात, तिथून पुढं.

चारला इंजिन धकधक करू लागायचं, आणि सव्वाचारच्या सुमाराला कोणीतरी दारं फोडायची. ते मातकट पाणी फेस घेऊन, सरसर वाळल्या दांडातून पळत यायचं, आणि आम्ही सगळ्या त्याच्या बरोबरीनं वांग्यांपर्यंत ओरडत धावायचो. रोज पाहूनही त्याचा कंटाळा येत नसे. उत्तमराव म्हणायचे, "पंचवीस वर्सं मी पानी देऊन राह्यलो, पन पानी आलं म्हून कोनी टाळ्या नाही वाजवल्या."

महिन्याभरात कुंपणापलीकडे पोरं गोळा व्हायला लागली. आधी दोन, मग पाच, आणि एक दिवस मैदानावर गुरुजी एकटेच शिटी वाजवत उभे राहिले. सगळा कबड्डीचा संघ कुंपणाला चिकटून आमचा खेळ बघत होता. त्यांच्यात सगळ्यात पुढं रामधन, संघाचा कप्तान. तो माझा चुलतभाऊ, आमच्याच तांड्यावरचा.

गुरुजी तरातरा मळ्यात आले. थोडा वेळ उभं राहून त्यांनी पाहिलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, याले खेळ म्हनता तुमी? आट्यापाट्या उचलल्या, लगोरी उचलली, लंगडी उचलली, सारीपाटही सोडला नाही. यात तुमचं काय हाय? चोरीच्या चिंध्यांची गोधडी हाय ही!"

बाईंचा चेहरा उतरला. नोकरीला दोनच महिने झालेले आणि समोर सगळ्यात जुने गुरुजी. मला वाटलं, आता बाई खाली मान घालणार. पण त्या म्हणाल्या, "गोधडीच हाय गुरुजी. माह्या मायनं शिवली तशीच. पन थंडीत एकडाव पांघरून त पाहा."

माळ्यावरून आवडाबाई ठो ठो हसली. गुरुजींना ते लागलं. त्यांनी हात पुढं केला. "नियम कुठी लिहिले हायेत? दाखवा वही." बाईंनी दिली. गुरुजींनी ती बगलेत मारली आणि निघून गेले.

तीन दिवस वही परत आली नाही. आम्ही खेळलो, पण जीव लागेना. गुरुजी वही हेडमास्तरांना दाखवणार, हेडमास्तर अकोल्याला लिहिणार, बाईंची बदली होणार, असं आम्ही आपसात ठरवूनच टाकलं होतं. भागिरथा तर रडलीही. बाई मात्र रोजच्यासारखी शिटी मारत होत्या. फक्त शिटी जरा आखूड झाली होती.

चौथ्या दिवशी गणिताच्या तासाला गुरुजींनी फळा पुसला, टोपी सारखी केली आणि आमच्या वर्गाच्या दारातून बाईंना हाक मारली. बाई आल्या. गुरुजींनी वही त्यांच्या हाती ठेवली. बाईंनी उघडली. पानोपान लाल शाई.

"सतरा भोकं हायेत तुमच्या नियमात," गुरुजी म्हणाले. "दोघी एकाच वक्ताले फुलीवर आल्या त? चेंडू इहिरीत पडला त? सुसरीनं लंगडीचा पाय सोडून दुसरा धरला त? काहीच लिहिलं नाही. असा खेळ खेळतेत का? गनितात असं चालते का?"

बाई पान उलटत होत्या. गुरुजींनी नुसती भोकं दाखवली नव्हती, प्रत्येकाखाली बारीक अक्षरात तोड लिहिली होती. शेवटच्या पानावर तर वाफ्यांचा नकाशाच काढला होता, कुठल्या वरंब्यावर कोण उभं राहावं याच्या बाणांसकट.

"तुमी आट्यापाट्या खेळले हा," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी घसा खाकरला. "बारा वर्सं. मंगरूळपीरले आमचा संघ होता. मधली पाटी माह्याकडे राहे. कोनी ओलांडली नाही." मग एकदम कडक आवाजात, "पन पोट्ट्या बऱ्या खेळतेत म्हून काही होत नाही. सनवारी माह्या पोट्ट्यांसंगं खेळून दाखवा. मंग पाहू."

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी तीनला मळ्याच्या बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. गाव लोटला होता, आमच्या तांड्यावरूनही पंधरा-वीस माणसं आली होती. प्रत्येक बाजूचे नऊ जण, प्रत्येकाला तीन चिंध्या. एका संघानं पाणी सोडवायचं, दुसऱ्यानं राखण करायची, मग उलट. ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. घड्याळ गावात तिघांकडेच होतं, त्यातलं गुरुजींचं सगळ्यात भरवशाचं. त्यामुळं पंच तेच, आणि वहीही त्यांच्याच हातात.

इंजिन तीनलाच चालू केलं होतं, म्हणजे दांडाच्या तोंडाशी पाणी तयार.

आधी पोरं आली. कबड्डीची सवय, त्यामुळं अंग पुढं टाकून घुसायची. घुसली आणि वरंब्यांवरून घसरली. पहिल्या पाच मिनिटांत तिघांनी वरंबे मोडले आणि बांधावरच्या बायका हसत असताना मुकाट्यानं माती थापत बसले. पण रामधन हुशार होता. तो हळूहळू सरकत आला, लगोरी एका झटक्यात रचली आणि माळ्याखाली उभा राहिला.

आवडाबाईनं कवड्या फेकल्या. एक उताणी.

"आइक," ती म्हणाली. "डोक्शावर काट्याचा मुकुट, अंगात जांभळा सदरा. इस्तवात गेला अन् नागडा होऊन आला. कोन?"

रामधननं डोकं खाजवलं. "नवरदेव?"

बांधावर हशा पिकला. एक चिंधी गेली. "साधू?" दुसरी गेली. बिचाऱ्यासमोर हातभरावर वांग्याचा वाफा होता. शेवटी आवडाबाईलाच त्याची दया आली असावी. तिनं कोपर असं काही हलवलं की त्याची नजर तिकडे गेली. "वांगं! भरताचं वांगं!" तो ओरडला आणि सुटला. दांडात सुसर मी होते. मी हात मारला, पण एका पायावर त्यानं अशी उडी घेतली की माझ्या हाताला नुसती माती लागली. त्यानं दारं फोडलं, पाणी वांग्यांत शिरलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "एकोनीस मिनटं."

पोरांनी रामधनला खांद्यावर घेतलं. उत्तमरावांनी दारं पुन्हा लिंपलं आणि आमची पाळी आली.

मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. बाईंनी शिटी मारली आणि मी सुटले. मागं कोण आहे, पुढं कोण आहे, काही पाहिलं नाही. मनात एवढंच, की रामधनला एकोणीस लागली तर मी दहात करून दाखवते. पहिला वाफा, दुसरा वाफा, तिसऱ्याच्या वरंब्यावर रामधन उभा होता. त्यानं डावीकडे झुकल्यासारखं केलं, मी उजवीकडे वळले, आणि त्याचा हात माझ्या पाठीवर पडला. चिंधी गेली. मी चिडून पुन्हा घुसले, पुन्हा तसंच झालं. सातव्या मिनिटाला माझ्याकडे एकच जीव उरला होता आणि मी अजून वाफ्यातच होते.

"हिरे," बाजूच्या वाफ्यातून भागिरथानं हळूच हाक मारली. तिच्या मनगटावर दोन चिंध्या होत्या. "तू पळाली का सारे तुह्याकडेच पायतेत. पळत राह्य. पन पुढं जाऊ नको."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी वाफ्यातल्या वाफ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटले. आत्ता ओलांडते, मग ओलांडते, असं दाखवत. रामधन माझ्याबरोबर वरंब्यावर इकडून तिकडे, त्याच्या मागच्या वरंब्यावरचाही इकडून तिकडे. तेवढ्यात भागिरथा पलीकडच्या कोपऱ्यातून, बाजारात निघालेल्या बाईसारखी चालत, दोन वरंबे ओलांडून गेली. तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही. बांधावरून कोणीतरी ओरडलं तेव्हा ती फुलीवर पोचली होती.

लगोरी आमच्या पोरींनी रचली. माळ्याखाली दोन कवड्या उताण्या पडल्या, आणि भागिरथानं दोन्ही कोडी आवडाबाईचा श्वास संपायच्या आत सोडवली. तोवर रामधनला चकवून मीही सुटले आणि दांडाशी पोचले. दांडात पोरांची सुसर पालथी पडली होती. दांड अरुंद, दोघींना जाता येईल एवढी जागा नव्हती. भागिरथाची लंगडी म्हणजे तीन उड्यांत पाय खाली. ती एकटी गेली तर गेलीच समजा.

मी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पुढं दांडात उतरले आणि सुसरीच्या अगदी जवळून, मुद्दाम तिच्या हातावरून लंगडी घातली. सुसरीनं दोन्ही हातांनी माझा पाय धरला. माझी शेवटची चिंधी गेली. पण हात अडकले होते, आणि त्या घडीला भागिरथा तीन उड्यांत पलीकडे. चौथी तिला लागलीच नाही.

बाद होऊन इतका आनंद मला आयुष्यात परत कधी झाला नाही.

"साडेसोळा!" गुरुजी ओरडले. भागिरथानं दोन्ही हातांनी दारं फोडलं.

पाणी आलं नाही.

दांडात थोडा ओलावा, बस. आम्ही बघत राहिलो. मग लक्षात आलं की इंजिनाची धकधक केव्हाचीच थांबली होती. आरड्याओरड्यात कुणालाच कळलं नव्हतं. सगळ्यांनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमराव बांधावर मांडी घालून बसले होते आणि डिझेलचा डबा त्यांच्या शेजारी भरलेलाच होता. टाकीत टाकायला म्हणून आणला आणि खेळ बघता बघता विसरले. "अरे बाप्पा!" म्हणत ते उठले, पण डिझेल घालून, हँडल मारून ते इंजिन सुरू व्हायला पाच मिनिटं कुठं गेली नव्हती.

"सतरा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा पडला होता.

भागिरथा एक क्षण उभी राहिली. मग ती विहिरीकडे धावली. काठावर बादली आणि दोर होता. तिनं बादली उचलली आणि तिथंच थांबली.

का थांबली, ते तिथं जमलेल्या प्रत्येकाला कळलं. त्या विहिरीवर बौद्ध वस्तीतल्या कुणी बादली टाकल्याचं मी पाहिलं नव्हतं. कुणी नाही म्हटल्याचंही ऐकलं नव्हतं. तिकडं कुणी जातच नसे, आणि आम्हीही दोन महिने तहान लागली की शाळेच्या हापशीवर जात होतो. बाई दोन पावलं पुढं झाल्या.

माळ्यावरून आवडाबाईचा आवाज आला. पाखरांवर ओरडायची त्याच पट्टीतला. "पाहून काय राह्यली व भागिरथे? टाक बादली! माही वांगी तहानली नं!"

बादली खाली गेली. बुडाल्याचा आवाज आला. भागिरथा दोर ओढायला लागली, आणि मी बाद झालेली, त्यामुळं हात लावू शकत नव्हते, तरी माझे हात हवेतच दोर ओढत होते. भरली बादली दोन्ही हातांत धरून ती पळाली. आयुष्यात पहिल्यांदा ती पळताना मी पाहिली. पाणी तिच्या परकरावर, पायांवर सांडत होतं. तिच्या बाजूनं गुरुजी पळत होते, एका हातात घड्याळ, एका हातात वही, टोपी कुठं पडली त्याची शुद्ध नाही. वांग्याच्या पहिल्या वाफ्यात तिनं उरलेली अर्धी बादली ओतली.

"अठरा मिनटं अन् चाळीस सेकंद!"

आम्ही ओरडलो. पण रामधन पुढं आला. "गुरुजी, हे चालत नाही! पानी दांडातूनच आलं पायजे!"

गुरुजींनी धापा टाकत वही उघडली. पहिलं पान. बाईंच्या हातचा पहिला नियम त्यांनी मोठ्यानं वाचला. पाणी वांग्याच्या वाफ्यात पोचलं की खेळ संपला. "कुठून पोचलं, कशात पोचलं, काहीच लिहिलं नाही." त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. "अठरावं भोक. अन् मले दिसलं नाही! तीन दिवस वही घेऊन बसलो, अन् सातवीतल्या पोट्टीले दिसलं!" आणि ते हसायला लागले. गुरुजी इतके हसले की त्यांना वांग्याच्या वाफ्याशेजारी खाली बसावं लागलं. ते बघून रामधनलाही हसू आवरेना.

आवडाबाई माळ्यावरून उतरली. कमरेवर हात ठेवत भागिरथासमोर आली आणि ओंजळ पुढं केली. "ओरडून ओरडून घसा सुकला माहा. अजून एक बादली काढ अन् वत इथं."

भागिरथानं पाणी काढलं आणि ओतलं. आवडाबाई प्यायली. तिच्यामागं गुरुजींनी ओंजळ धरली, मग रामधननं, मग मी, मग रांगच लागली. बांधावरचे दोन-तीन जण उठून गेले. बाकीचे थांबले. बाईंनी ओंजळ धरली तेव्हा भागिरथानं बादली एकदम कलती केली आणि निम्मं पाणी बाईंच्या बाहीत गेलं.

सोमवारपासून मैदानाचे दोन दिवस आमचे झाले, आणि मळ्यातले दोन दिवस पोरांचे. संघ मिसळून टाकले. रामधन दर वेळी पहिली मागणी करायचा ती भागिरथाची. तालुक्याच्या सामन्यात पोरांची कबड्डी दुसरी आली. हुलकावणी द्यायला पोरं वाफ्यांत शिकली, असं गुरुजी ज्याला त्याला सांगत. नियमांची वही त्यांनी तीन गावच्या गुरुजींना उतरवून दिली. बाईंना कुणीतरी म्हणालं, तुमचा खेळ लोक उचलून नेतात, तर त्या म्हणाल्या, "नेऊ द्या. मी कुठी घरून आनला होता?" मार्चात उत्तमरावांनी त्या रानात काकडी लावली आणि आम्हाला दुसरं रान शोधावं लागलं.

नववीत असताना मी मावशीला भेटायला मंगरूळपीरला गेले होते. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून थोडं फिरावं म्हटलं, तर दर्ग्यामागच्या मोकळ्या जागेत दहा-बारा पोरंपोरी खेळत होती. वरंबे नव्हते, विटांच्या ओळी लावल्या होत्या. सुसर नव्हती, तिच्या जागी सायकलचं जुनं टायर गडगडत यायचं आणि त्यातून उडी मारायची. प्रत्येकाच्या मनगटाला तीन चिंध्या होत्या.

"काय खेळ हाय रे हा?" मी विचारलं.

एक ओढणी कमरेला बांधलेली पोरगी धापा टाकत म्हणाली, "दगडू जिन! हमारे मोहल्लेका खेल है, और किसीको नहीं आता. खेलती क्या?"

मी पिशवी भिंतीशी ठेवली आणि चपला काढल्या. पहिल्याच विटांच्या ओळीवर माझी चिंधी गेली, आणि पुढची बसही.